तांब्यातला गहू

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावस्येला, शेतात घातलेल्या आमच्या कडब्याच्या कोपीत पाच दगडांच्या पांडवांपुढं एक तांब्या ठेवलेला असतो. त्यात ओल्या गव्हाच्या पाच ओंब्या देठासकट उभ्या केलेल्या, आणि पाण्यात चिमूटभर साखर. यंदा नव्या नातसुनेनं विचारलं, "आजोबा, माझ्या माहेरी लोह्याकडं येळवस असते, भज्जी असते, अंबिल असते. पण हा तांब्या कुठं बघितला नाही. आणि पाण्यात साखर कशाला?" मी म्हणालो, बस, जेवण होऊ दे, सांगतो. सांगता सांगता दिवस कलला, शेताला ओवाळून झालं, बायका भांडी घेऊन घराकडं निघाल्या, तरी तिरोडकर साहेबांची गोष्ट सांगून पुरी झाली नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझी शाळा दुसरीपर्यंत. तीही निजामाच्या राज्यात, उर्दूतून. मराठी मी उदगीरच्या बाजारात दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. नातू म्हणाला, तुम्ही बोला, मी शुद्ध करून लिहितो. मी म्हणालो, बाळा, मी पेरलेलं मीच कापतो. यात जे वाकडं असेल ते माझं आहे, राहू दे.

तेव्हा लातूर जिल्हा नव्हता. आम्ही उस्मानाबादचे होतो आणि कचेरीच्या कामाला तिकडं हेलपाटे घालत होतो. आमच्या शिवाराला लागून सरकारचा एक लहानसा फार्म होता. तिथं गव्हाच्या नव्या जाती करतात असं म्हणत. गावात त्याला गव्हाचा दवाखाना म्हणायचे. या दवाखान्यावर तिरोडकर साहेब आले ते कोकणातून. उंच, वाळकुडे, काळे. हातात छत्री. आमच्याकडं छत्री म्हणजे मिरगात काढायची आणि पोळ्याला खुंटीला टांगायची वस्तू. हे गृहस्थ थंडीत, उन्हात, बाराही महिने छत्री घेऊन फिरत. गव्हाच्या ओळीत लाकडी पाटावर बसत, छत्री वाऱ्याच्या बाजूला रोवत आणि तिच्या आडोशाला ओंबीत डोकं घालून तासन् तास काम करत. फार्मवर मैनुद्दीन नावाचा मुकादम होता, जिभेचा तिखट. तो म्हणायचा, "साब, आप की छत्री देख के बादल भाग जाते." साहेब मान वर न करता म्हणायचे, "मैनुद्दीन, ही पावसासाठी नाही. नवरदेवासाठी आहे." या नवरदेवाचं पुढं सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस भात खाणारा. गव्हावर नोकरी आणि पोळीला हात लावायचा नाही. कुणी वाढली तर भिडेखातर एक तुकडा मोडायचा. घरून तांदळाचं गाठोडं यायचं, त्याची पेज करून प्यायचे. गाव हसायचं, की मासे न खाणाऱ्याला कोळीवाड्यात नेमलंय. पण गव्हाचे कच्चे दाणे मात्र तोंडात सतत. आपल्याकडं लोक तंबाखू धरतात तसा हा माणूस गहू धरायचा. चिमूटभर दाणे दाढेखाली घ्यायचे, डोळे मिटून चावत राहायचे. पीठ विरघळून गेलं की मागं डिंकासारखी गोळी उरते. ती तळहातावर काढायची, बोटानं ताणून बघायची, उजेडात धरायची, आणि टाकून द्यायची. त्या गोळीवरून त्यांना कळायचं की पोळी मऊ होईल का, शेवई तुटेल का. आणि त्यावर त्यांचा एकच शेरा ठरलेला असायचा. "अजून एक पिढी बघू."

आमची ओळख भांडणातून झाली. मी खळ्यावर बन्सी गहू वारवत होतो. माझ्या आज्याच्या वेळेपासूनचं बी. कोरडवाहू रानात, नुसत्या थंडीवर आणि दवावर येणारा गहू. दाणा लांब, अंबरासारखा पिवळा, हातात घेतला तर काचेसारखा वाजणारा. साहेब छत्री घेऊन आले आणि न विचारता माझ्या पोत्यात हात घातला. मूठ तोंडात. मी सूप खाली ठेवलं. ते शांतपणे चावत होते. गोळी काढली, ताणली. ती लांबतच गेली, तुटेना. मग मला विचारलं, "हा कुणाचा?"

"पोत्याजवळ मी उभा हाय, दुसरं कुणी दिसतंय का?"

"मूठभर बी द्याल?"

मी नाही म्हणालो. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. माझ्या आज्याच्या गव्हाला दवाखान्यात कशाला न्यायचं? तो काय आजारी होता? साहेबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी परत आले. बी मागितलं नाही, बांधावर बसले. तिसऱ्या दिवशी परत. मी हट्टी म्हणून पाच गावांत ओळखला जातो, पण माझ्या हट्टाला आवाज आहे. यांच्या हट्टाला आवाजच नव्हता. नुसते येऊन बसायचे. बोलायचे तेही भलतंच. माझी बैलं कुठल्या बाजारची, ओढ्याला पाणी कुठवर असतं, गहू लोळतो तो कुठल्या वाऱ्यानं.

हे लोळणं माझं दुखणं होतं. बन्सी छातीएवढा वाढायचा. ओंबी भरली की एका वादळात सपाट. निम्मं पीक मातीत. साहेबांनी ते दुखणं बरोबर हेरलं होतं, पण बोट ठेवलं नाही.

शेवटी बी दिलं ते मी नाही, आमच्या अव्वानं. अव्वा म्हणजे माझी आई. एका दुपारी तिनं साहेबांना ओसरीवर बोलावून बन्सीच्या शेवयांची खीर वाढली. भात खाणाऱ्या माणसानं वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाला, "आमच्याकडं शेवया तांदळाच्या. घास घ्यायच्या आधी मोडतात. ही बघा, मोडायचं नाव नाही." अव्वा तिथंच विरघळली. मला म्हणाली, "दे त्याला मूठभर. बी म्हंजे काय तिजोरी हाय का कुलूप लावायला? दिलं तरच वाढतंय ते."

मी दिलं. पण अव्वाचं आणि साहेबांचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. ते म्हणजे थुंकण्यावरून. साहेब आमच्या ओसरीवर बसून दाणे चावत आणि गोळी अंगणात टाकत. अव्वाला ते बघवायचं नाही. "बाबा, अन्न हाय ते. अन्न थुकू न्हाई. तोंडात घातलंस तर गिळ की." साहेब हसून म्हणायचे, "अव्वा, अजून गिळण्याजोगा झाला नाही." अव्वा कपाळावर हात मारून घ्यायची.

आता नवरदेव. पुढच्या साली थंडीत साहेबांनी मला फार्मवर बोलावलं. माझ्या बन्सीची एक ओळ, शेजारी दुसऱ्या एका गव्हाची ओळ. तो गुडघ्याएवढा, ठेंगणा, दांड जाड. साहेबांनी बन्सीची एक ओंबी धरली. बारीक चिमट्यानं एकेक फूल उघडलं आणि आतले तीन तीन कोवळे केसर उपटून काढले. म्हणाले, "गव्हाचं फूल आपल्या आपल्यातच उरकून घेतं. त्याला बाहेरचं स्थळ ठाऊक नाही. म्हणून आधी घरातला नर काढायचा." ओंबीवर कागदाची टोपी चढवली. दोन-तीन दिवसांनी टोपी काढून ठेंगण्या गव्हाचा पिवळा भुकटा तिच्यावर झटकला. वाऱ्यानं भुकटा उडू नये म्हणून छत्री.

मी म्हणालो, "म्हंजे लगीन लावता."

"लग्नच. फक्त तुमच्यात गोत्र वेगळं लागतं, इथं जात एक लागते. हा ठेंगणा बन्सीच्याच जातीतला आहे. पोळीच्या साध्या गव्हाशी सोयरीक केली असती तर पोरं बहुतेक वांझ निघाली असती."

घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, "जावई बुटका बघितला व्हय? बरं. आपल्या पोरी लई उंच हायती, उतारा पाहिजेच."

त्या लग्नाची पहिली पिढी उगवली ती सगळी एकसारखी, एका साच्यातली. मी म्हणालो, साहेब, जमलं. ते म्हणाले, "पहिल्या पिढीवर जाऊ नका. पहिली पिढी पाहुण्यांसारखी असते, नीट कपडे करून येते. दुसऱ्या पिढीत घराणं उघडं पडतं." आणि तसंच झालं. दुसऱ्या साली तेच बी पेरलं तर कुणी आईसारखं उंच, कुणी बापासारखं ठेंगणं, कुणी मधलंच. कुणाची ओंबी भरदार आणि दाणा पांढरट, कुणाचा दाणा पिवळाधमक पण तांबेऱ्यानं पान खाल्लेलं. साहेब त्यातून एकेक झाड पारखायचे. पसंत पडलं की त्याला पिवळा दोरा बांधायचे. बाकीच्यांकडं वळूनही बघायचे नाहीत. मला म्हणाले, "अप्पा, आपल्याला आईचा दाणा पाहिजे, बापाचा पाय पाहिजे, आणि आईची तहान सोसायची ताकद पाहिजे. तिन्ही एका झाडात उतरलेलं दिसलं की झालं. ते झाड या गर्दीत कुठंतरी उभं आहे. आपण हुडकायचं."

माझ्यासारख्या माणसाला ते 'आपण' म्हणायचे. हे मी विसरलो नाही.

फार्मच्या रानाला पाणी होतं. पाण्यावर सगळेच गहू शहाणे वागतात, असं साहेब म्हणायचे. म्हणून चौथ्या पिढीला त्यांनी माझं कोरडवाहू रान मागितलं. ओढ्याकाठचा खोलगट तुकडा दिला. आणि नेमका तोच बहात्तरचा दुष्काळ.

त्या दुष्काळाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी बघितला त्यांना नको आहे आणि ज्यांनी बघितला नाही त्यांना पटत नाही. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडून गाव जगत होतं, एवढं पुरे. गावच्या विहिरींनी तळ दाखवला. पाणी उरलं एकाच विहिरीला, फार्मच्या. तिथं साहेबांचं कित्येक वर्षांचं काम ओळींनी उभं होतं. वरच्या कचेरीचा निरोप होता की विहिरीचं पाणी संशोधनाच्या गव्हालाच द्यावं. गावचे बाप्ये फाटकाशी जमले. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, मीही त्यात होतो. साहेब बाहेर आले आणि फाटकाचं कुलूप काढून मैनुद्दीनच्या हातात दिलं. म्हणाले, हे आता लावायचं नाही. बायकांची रांग नीट लावून द्या, म्हाताऱ्यांना पुढं घ्या. एवढं बोलून ते आत गेले. आठ-पंधरा दिवसांत फार्मवरचा गहू वाळून कडब्यासारखा झाला. मैनुद्दीन आमच्याकडं येऊन बसला. तिखट जिभेचा माणूस, पण म्हणाला, "अप्पा, साब खेत की तरफ देखते नहीं. छत्री आडी धरून जातेत."

साहेबांच्या घरचा तांदूळही येईनासा झाला होता. तेही मिलोची भाकरी खात. त्यावरून मात्र त्यांना कुणी हसलं नाही.

आता उरला होता तो माझ्या ओढ्याकाठचा तुकडा. खोलगट म्हणून थोडी ओल धरून होता. त्यातही झाडं रोज मान टाकत होती. पण एक झाड होतं. कमरेच्याही खालीच थांबलेलं, पाय घट्ट, पानं हिरवी. आजूबाजूचे गहू एकेका ओंबीवर आले होते, याला पाच आल्या होत्या. साहेबांनी त्याला पिवळा दोरा बांधला. मी विचारलं, हेच का ते? ते दोऱ्याची गाठ चाचपत राहिले. ते झाड सोडून बाकी सगळ्या तुकड्यावरून त्यांनी मन काढून घेतलं होतं. रोज सकाळी येऊन त्याच्यापाशी उकिडवे बसायचे. त्या एका झाडावर त्यांची सगळी वर्षं आली होती.

अशात येळवस आली. गावात बहुतेकांनी कोप घातलीच नाही. कडबा जनावरांना नव्हता, कोपीला कुठून आणायचा? मीही नको म्हणालो. अव्वा ऐकेना. म्हणाली, "पीक आलं न्हाई म्हणून शेताला उपाशी ठेवतोस? त्यानं तुला इतकी वर्सं जेवू घातलं." मग बाभळीच्या फांद्यांची कोप केली. पाच दगड धुऊन चुन्यानं रंगवून पांडव मांडले. भज्जीला डाळी नव्हत्या, होत्या तेवढ्या चिंचेच्या कोळात शिजवल्या. अंबिलही मिलोच्या पिठाची. साहेबांना जेवायला सांगितलं होतं.

ते आले, छत्री मिटली, वाकून कोपीत शिरले. आणि तसेच राहिले. पांडवांपुढं पाच ओंब्या वाहिलेल्या होत्या. हिरव्या, भरदार.

मी बाहेर पळालो. झाडाच्या जागी खुंट होते आणि त्यांना तो पिवळा दोरा नीट गुंडाळून ठेवलेला होता. अव्वाला टाकून द्यायचं माहीत नव्हतं, दोराही नाही. त्या दोऱ्याचा अर्थ मात्र तिला आम्ही कधी सांगितला नव्हता.

अव्वा मला म्हणाली, काय झालं? मी सांगितलं. ती जागच्या जागी बसली. म्हणाली, "देवाला सगळ्यात चांगलं वाहायचं असतंय. साऱ्या शेतात हिंडले, एवढ्याच चांगल्या व्हत्या. पाच देव, पाच ओंब्या. मला वाटलं, देवानंच मोजून ठेवल्यात."

मला वाटलं, हा माणूस आता ओरडेल, नाहीतर रडेल. साहेब पांडवांपुढं मांडी घालून बसले होते. एका ओंबीचा दाणा त्यांनी नखानं दाबला. आत अजून चीक होता, दूध. तो बोटांत चोळून बघितला. मग म्हणाले, "निवड चुकली नाही, अव्वा. मीही हेच झाड निवडलं होतं."

आता पेच असा की देवाला वाहिलेलं परत मागायचं नसतं. येळवसेचा नैवेद्य, फळ, फूल कोपीतच सोडून यायचं, अशी आमची रीत. साहेबांना ते ठाऊक होतं. दोनदा जेवले होते आमच्या कोपीत. मी म्हणणार होतो, घ्या उचलून, देव काही म्हणत नाही. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"मी परत मागत नाही," ते अव्वाला म्हणाले. "देवापुढंच राहू द्या. फक्त आडव्या ठेवू नका. पाण्यात उभ्या करा."

अव्वानं अंबिलीचा तांब्या रिकामा केला, विसळला, प्यायला आणलेलं पाणी त्यात ओतलं आणि ओंब्या उभ्या केल्या. त्या संध्याकाळी तांब्या पदराखाली झाकून तिनं घरी आणला आणि देवघरात, महादेवाच्या शेजारी ठेवला. देवापुढंच होता, म्हणजे रीत मोडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून साहेब रोज देवदर्शनाला आल्यासारखे येऊ लागले. चप्पल बाहेर काढायचे, हात धुवायचे. पाणी बदलायचं, देठाचं टोक नखभर कापायचं, आणि खिशातून पुडी काढून चिमूटभर साखर पाण्यात टाकायची. झाड मुळावर असतं तेव्हा पानं दाण्याला जेवण पोचवतात, आता पानं वाळणार, म्हणून गोड पाणी, असं त्यांनी मला समजावलं. साखर तेव्हा रेशनची. साहेबांनी आपला चहा बिनसाखरेचा केला होता. मैनुद्दीनला कळल्यावर तो गावभर सांगत सुटला की साब गव्हाला चहा पाजून राहिले, पुढं खारी पण चारतील. पण तोच मैनुद्दीन तीन-चार दिवसांनी आपल्या घरची साखर चिंधीत बांधून अव्वाला देऊन गेला. साबला सांगू नका म्हणाला.

पाणी अव्वाच्या वाट्याचं. फार्मच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या घागरीतलं पहिलं पाणी तांब्याला, मग आम्हाला. माझी बायको एकदा कुरकुरली, तर अव्वा म्हणाली, "मी तोडलंय, मीच जगवीन." एवढंच. साहेबांची माफी वगैरे तिनं मागितली नाही आणि त्यांनी मागवली नाही.

तिकडं ओढ्याकाठचा तुकडा पंधरवड्यात जळून गेला. शेवटी शेवटी मोकाट जनावरं येऊन उरलेला पाला खाऊन गेली. झाडाला दाणा धरला नाही, एकालाही नाही. ते झाड आम्ही शेतात ठेवलं असतं तर तेही त्यातच गेलं असतं. हे मला एका सकाळी रिकाम्या रानात उभं राहिल्यावर कळलं. साहेबांना कदाचित येळवसेलाच कळलं असेल. त्यांनी कधी तसं म्हटलं नाही.

तांब्यातल्या ओंब्या हळूहळू पिवळ्या पडल्या. साहेबांनी त्या चोळल्या नाहीत. म्हणाले, अव्वांनी चोळाव्यात. अव्वानं पांढऱ्या धोतराच्या धडप्यावर चोळल्या. दाणे सुरकुतलेले, बारीक, दुष्काळातल्या माणसांसारखे. ओंजळसुद्धा भरली नाही. अव्वानं ते दाणे महादेवाला दाखवले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि साहेबांच्या हातावर ठेवले. "घे बाबा. परसाद हाय. परसाद मागावा लागत न्हाई, देव देतोय." साहेबांना दाणे चावायची सवय, पण त्या दिवशी त्यातला एकही दाणा तोंडात गेला नाही. रुमालात बांधले, रुमाल सदऱ्याच्या आत ठेवला आणि छत्री विसरून निघून गेले. मला मागून धावावं लागलं.

पुढच्या थंडीत निम्म्यापेक्षा जास्त दाणे उगवले. पुढची वर्षं मी सांगत बसत नाही. तेच ते, पेरायचं, पारखायचं, दोरा बांधायचा, आणि 'अजून एक पिढी बघू'. पण मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. माझ्या कोरडवाहू रानात तो गहू कमरेएवढा उभा राहिला, एका फाल्गुनात मोठं वादळ आलं तेव्हा शेजारचा बन्सी लोळला आणि हा हलून परत सरळ झाला. खळ्यावर आला तेव्हा बन्सीच्या दीडपट भरला. शेवया अव्वानं केल्या. तुटल्या नाहीत. मी साहेबांना म्हणालो, आता तरी म्हणा जमलं. त्यांनी दाणे चावले, गोळी ताणली, टाकली. "अजून एक पिढी."

मग लातूर जिल्हा झाला. गावोगाव हलगी वाजली, आम्ही उस्मानाबादचे होतो ते लातूरचे झालो. नव्या जिल्ह्याच्या उत्साहात लातूरला पिकांचं प्रदर्शन भरलं. साहेबांनी आमचा गहू मांडला. वरचे मोठे अधिकारी बघत बघत आले. त्यांनी विचारलं, या वाणाचं नाव काय? साहेब म्हणाले, अजून नंबरच आहे. मी मागं उभा होतो, मला राहवलं नाही. मोठ्यानं म्हणालो, "तांब्या. तांब्या गहू म्हणतात त्याला." लोक हसले. अधिकारीही हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि नंबरच्या खाली 'तांब्या' असं लिहिलं.

तो गहू सरकारनं बाहेर काढला नाही. तेव्हा सगळ्यांना पाण्याखालचे गहू पाहिजे होते. कॅनॉल येणार, विहिरी होणार, कोरडवाहूचं कुणाला काय? मी चिडलो. वर जाऊन भांडतो म्हणालो. साहेब म्हणाले, "अप्पा, तुम्ही कुणाला बी द्यायला कधी कचेरीला विचारलं होतं का?" तेवढ्यावर मला समजलं. त्या साली मी तांब्याभर बी सोयऱ्याला दिलं. त्यानं पीक आल्यावर तांब्याभर मला परत केलं आणि तांब्याभर पुढं तिसऱ्याला दिलं. असा तो गहू उदगीरकडं गेला, अहमदपूरकडं गेला, नातसून सांगते तिच्या आज्याच्या रानात लोह्यालाही होता. तांब्यानं घ्यायचा, तांब्यानं द्यायचा. पावती कशाची नाही.

नवा जिल्हा झाल्यावर कचेऱ्यांची वाटणी झाली, त्यात साहेबांची बदली नांदेडकडं निघाली. त्यांचं सामान एक ट्रंक आणि छत्री. सकाळच्या एसटीनं जाणार होते. मी आणि मैनुद्दीन फाट्यावर सोडायला गेलो. बघतो तर अव्वा आधीच येऊन बाभळीखाली बसलेली. तिला तेव्हा धड चालवत नव्हतं, कधी निघाली होती कोण जाणे. मांडीवर तोच तांब्या, तोंडाला फडकं बांधलेला.

साहेब वाकून पाया पडले. अव्वानं तांब्या त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "अव्वा, हा तुमच्या देवघरातला. मला नको." ती म्हणाली, "देवघराला दुसरा घेईन. भांडं रिकामं देत न्हाईत, म्हणून भरून आणलंय. वाटंत भूक लागंल." भात खाणाऱ्या माणसाला वाटेत कच्च्या गव्हाची भूक लागेल, हे अव्वालाच सुचावं.

गाडी आली. मैनुद्दीननं ट्रंक टपावर चढवली आणि वरूनच म्हणाला, "साब, उधर जा के छत्री मत खोलना, बारिश होने दो." साहेब खिडकीशी बसले. तांब्या मांडीवर. मला काही बोलायचं होतं, पण माझ्यासारख्याला आभार मानायची सवय नाही. आमच्यात ते बोलून दाखवत नाहीत. मी नुसता खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो. त्यांनीही माझ्या हातावर हात ठेवला, एवढंच.

मग त्यांनी फडकं सोडलं. चिमूटभर गहू घेतला, तोंडात टाकला, डोळे मिटले. कंडक्टरनं घंटी दिली, तरी चावत होते. गाडी हलली. मी सवयीनं त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होतो, आता तळवा वर येईल, गोळी निघेल. हात आला नाही. हात तांब्यावर होता. खिडकी पुढं सरकली, आणि मला त्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसली.

धूळ खाली बसली तेव्हा अव्वा माझ्या दंडाला धरून उठली.

"गिळला," ती म्हणाली. "बघितलंस का? गिळला."